ग्रानहुल्टचा योहानेस आणि सिक्स्टेनचा संडास

हेस्टेरीडमध्ये टोर्ग्नी स्कूगला ओळखत नाही असं एकही घर नाही, आणि ज्यांना जाऊन दीडशे वर्षं झाली त्यांच्यातही त्याची उठबस मोठी. चौतीस वर्षं त्यानं दुधाचा टँकर चालवला. रोज सकाळी एकेका गोठ्यापाशी थांबायचं, नळी लावायची, आणि दूध भरेपर्यंत घरच्या म्हातारीला विचारायचं, "तुमच्यातलं अमेरिकेला कोण गेलं?" आमच्या या स्मोलांड प्रांतात दगड फार आणि माती थोडी. दुष्काळाच्या सालांत निम्मी वस्ती उठून बोटीवर चढली होती, त्यामुळे उत्तर नाही असं घर सापडायचं नाही. दूध डेअरीत जायचं आणि नावं टोर्ग्नीच्या वहीत.

आता त्या गेलेल्यांची पणतवंडं उन्हाळ्यात येतात. पांढरेशुभ्र बूट घालून चिखलात उतरतात आणि विचारतात, आमचा पणजोबा कुठे राहायचा? टोर्ग्नी त्यांना आधी चर्चच्या पुस्तकात पणजोबा काढून देतो, मग रानात नेऊन चार दगडांचा पाया दाखवतो. घर कधीच गेलेलं असतं, दाराशी लावलेलं लिलाकच्या जांभळ्या फुलांचं झुडूप तेवढं उरलेलं असतं. पाहुणे दगडांना मिठ्या मारून रडतात. टोर्ग्नी टोपी काढून दुसरीकडे बघत उभा राहतो, कारण रडणाऱ्याकडे टक लावून बघणं आमच्यात बरं दिसत नाही. मग कॉफी. अशी दोनशे बारा कुटुंबं त्यानं रडवली. "एकही चुकलं नाही," असं तो म्हणायचा. मोठ्यानं नव्हे हं, स्वतःची बढाई मोठ्यानं मारणारा माणूस आमच्यात टिकायचा नाही. पण शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल इतपत.

तर या टोर्ग्नीच्या तोंडचं पाणी जूनच्या शेवटच्या आठवड्यात पळालं.

झालं असं, की मिनेसोटाहून मार्लिस पीटरसन नावाची बाई येणार होती. तिची आई आर्डिस १९९१ साली इथे येऊन गेली होती. आर्डिसबाई म्हणजे बोलण्याचा धबधबा. विमानतळापासून हेस्टेरीडपर्यंत तिनं श्वास घेतला असेल तर तो पेट्रोल पंपावर, असं टोर्ग्नी सांगायचा. तिचा पूर्वज योहानेस पेटरसन १८६९ साली अमेरिकेला गेलेला. टोर्ग्नीनं पुस्तकात तो काढून दिला, ग्रानहुल्ट नावाच्या खोपटाच्या पायापाशी तिला उभं केलं, ती धाय मोकलून रडली आणि तिथला मुठीएवढा दगड घेऊन घरी गेली. अठ्ठावीस वर्षं दर नाताळला तिचं कार्ड यायचं. गेल्या शरदात ती वारली. तिची इच्छा होती की आपल्या राखेतली ओंजळभर हेस्टेरीडच्या मातीत जावी. मुलगी ती घेऊन येणार होती. आमच्याकडे राख अशी कुठेही टाकता येत नाही, त्यासाठी सरकारी परवानगी लागते. टोर्ग्नीनं मे महिन्यातच अर्ज करून, ग्रानहुल्टचा नकाशा जोडून, शिक्क्याचा कागद आणून ठेवला होता.

आता मार्लिसला भेट म्हणून घराण्याची सगळी माहिती एका फाइलमध्ये सुबक लावून द्यावी, म्हणून तो कॉम्प्युटरवर जुनी पुस्तकं उघडून बसला. पूर्वी आमचा पाद्री दरवर्षी घरोघर जाऊन धर्माची परीक्षा घ्यायचा. कोणाला वाचता येतं, कोणाची प्रार्थना पाठ आहे, सगळं लिहून ठेवायचा आणि शेवटी एक शेरा मारायचा. ग्रानहुल्टच्या योहानेसपुढे लिहिलं होतं: वाचन, कसंबसं. प्रार्थना, अर्धी. शेरा, गप्प असतो. म्हातारी आई हिवाळ्यात वारली. एप्रिलमध्ये एकटा अमेरिकेला गेला.

एकटा?

टोर्ग्नीनं चष्मा पुसला. मार्लिसनं पाठवलेल्या यादीत तर योहानेसबरोबर बायको स्टीना होती आणि चार वर्षांची लोविसा होती. त्या लोविसाच्याच वंशातली ही मंडळी. टोर्ग्नीनं पान उलटलं. पुढच्याच पानावर, बॅकेन नावाच्या खोपटात, दुसरा योहानेस पेटरसन बायको आणि लोविसा यांच्यासकट हजर! आमच्यात तेव्हा बाप पेटर असला की मुलगा पेटरसन, आणि बाप बहुतेक पेटरच असायचा. वस्तीत एका वेळी अकरा योहानेस पेटरसन होते, हे टोर्ग्नीला झोपेतही ठाऊक. मग हे पान त्यानं तेव्हा का उलटलं नव्हतं?

त्याला आठवलं, आणि त्यानं कपाळावर हात मारला. तीन वाजले होते. बाहेर कॉफी झाली होती.

माझ्या वाचकांना हे हसू येण्यासारखं वाटेल, पण आमच्याकडे तीनच्या कॉफीला कोणी लोकांना ताटकळत ठेवत नाही. शिवणमंडळाच्या बायकांनी सात प्रकारची बिस्किटं केली होती. सहा केली तर कंजूष आणि आठ केली तर दिखाऊ, म्हणून सातच. अशी सात बिस्किटं वाट बघत असताना पहिला योहानेस सापडल्यावर दुसरं पान कोण उलटतं?

"गुनवोर," त्यानं बायकोला हाक मारली. आवाज असा निघाला की ती हातातला झारा घेऊनच आली.

सगळं ऐकून घेऊन गुनवोर खुर्चीत बसली. "म्हणजे ती बिचारी बाई परक्याच्या उंबऱ्यावर रडली?"

"हो."

"आणि अठ्ठावीस वर्षं परक्याचा दगड घरात मांडून ठेवला?"

"हो गं, हो!"

"आणि आता तू तिला कायमची परक्याच्या अंगणात ठेवणार?"

"कोणाला काय कळतंय," टोर्ग्नी पुटपुटला. "दगड तो दगड. जुने दोनशे अकरा तर बरोबर आहेत ना?"

"ते तरी कशावरून? त्या दिवशीच कॉफी झाली होती का?"

टोर्ग्नीनं तिच्याकडे असं बघितलं की तिला दया आली. तिनं झारा खाली ठेवला. "मार्लिसला सांगून टाक. आणि बॅकेन कुठेय ते शोध."

शोधायचं काय होतं! बॅकेन कुठे आहे ते टोर्ग्नीला बरोबर ठाऊक होतं, आणि खरं दुखणं तिथेच होतं. बॅकेन सिक्स्टेनच्या जमिनीत होतं.

सिक्स्टेन लुंडाल हा टोर्ग्नीचा बांधाला बांध लागून असलेला शेजारी. अकरा वर्षांपूर्वी ऑक्टोबरच्या शिकारीत एक मूस, म्हणजे बैलाएवढं थोराड हरीण, नेमकं दोघांच्या हद्दीवरच्या चरात पडलं. अंगात गोळ्या दोन. पहिली कोणाची, यावरून दोघांचं बोलणं बंद झालं. आमच्याकडे दोन माणसं एकमेकांशी बोलत नाहीत हे इतरांच्या लक्षात यायलाच तीन वर्षं लागतात, त्यामुळे समेट करायला कोणी वेळेवर आलं नाही. आणि सिक्स्टेनच्या जमिनीत बॅकेनचा पाया नेमका कुठे होता? ओढ्याच्या काठी, लिलाकच्या झुडपाशेजारी. त्या पायावर, चांगली सपाट जागा बघून, सिक्स्टेनच्या बापानं संडास बांधला होता. लाल रंगाचा, दारात बदामाच्या आकाराचं भोक असलेला. घरात नळ आले, तरी सिक्स्टेन सकाळी तिकडेच जायचा.

"मी नाही जाणार त्याच्याकडे," टोर्ग्नी म्हणाला.

"नको जाऊस," गुनवोर म्हणाली. "बाई गुरुवारी येतेय. विमानतळावर तूच जाणार आहेस तिला आणायला. दोन तासांचा रस्ता आहे. गाडीत बोलायला विषय लागेलच."

दुसऱ्या दिवशी तो गेला. गुनवोरला बरोबर घेऊन गेला, कारण दुभाषी हवाच होता. सिक्स्टेन अंगणात लाकडं फोडत होता. यांना बघून त्यानं कुऱ्हाड खाली ठेवली नाही, पण उचललीही नाही.

"गुनवोर," सिक्स्टेन म्हणाला, "त्याला विचार, काय काम काढलं?"

"गुनवोर, त्याला सांग, त्याच्या संडासाखाली अमेरिकेतल्या लोकांचं घर आहे."

सिक्स्टेननं जरा विचार केला. "त्याला सांग, तिथे अमेरिकेतलं कोणी आलेलं मी तरी बघितलं नाही. आणि मी रोज जातो."

"अरे, हे काय पोरखेळ लावलेत!" गुनवोर भडकली. "दोघं मिळून दीडशे वर्षांचे झालात! सिक्स्टेन, नीट ऐक." आणि तिनं सगळं सांगितलं. पान, कॉफी, राख, गुरुवार.

टोर्ग्नी चुकला, हे ऐकताना सिक्स्टेनचा चेहरा उजळत गेला. त्यानं ते गुनवोरकडून दोनदा सांगवून घेतलं. मग म्हणाला, "संडास पन्नास वर्षं जिथे आहे तिथेच राहील. त्याला सांग, मोठा शोधणारा आलाय. आता शोध म्हणावं दुसरी जागा."

टोर्ग्नीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो वळून निघाला. फाटकापर्यंत गेला आणि तिथून, कोणाकडेही न बघता, म्हणाला, "त्या बॅकेनच्या योहानेसच्या नावापुढे पाद्र्यानं शेरा मारलाय. 'उर्मट. पाद्र्याशी वाद घालतो. क्षमा मागण्यास नकार.'"

त्यानं फाटकाच्या कडीला हात घातला.

"गुनवोर," सिक्स्टेनचा आवाज आला, "त्याला विचार, वाद कशावरून?"

"हद्दीवरून. चर्चच्या कुरणाच्या."

"हं," सिक्स्टेन म्हणाला. त्यानं कुऱ्हाड ओंडक्यात रुतवली आणि ट्रॅक्टरची किल्ली आणायला घरात गेला.

संडास हलवायला दोन दुपारी लागल्या. पन्नास वर्षांचा तो डुगडुगता डोलारा साखळ्यांनी बांधून, खाली ओंडके सरकवत, वीस पावलांवरच्या नव्या खड्ड्यावर न्यायचा होता. आत भिंतीवर जुन्या राजाराणीचं चित्र होतं, आमच्याकडच्या बहुतेक संडासांत असतं तसं. सिक्स्टेननं ते आधी काढून खुर्चीवर ठेवलं, तेही तोंड पलीकडे करून. "अशा वेळी त्यांनी बघू नये," असं तो गुनवोरला म्हणाला. ओंडके सरकवताना दोघांना एका तालात ढकलावं लागायचं, आणि 'एक, दोन, तीन' कोणी म्हणायचं हा प्रश्न होता, कारण म्हणणं म्हणजे बोलणं. शेवटी गुनवोर खुर्ची टाकून बसली आणि तीच म्हणायला लागली. जुन्या खड्ड्यात मातीच्या किती गाड्या टाकल्या ते मी सांगत बसत नाही. टोर्ग्नीची कंबर धरली. पण दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला फावडं खणकन वाजलं. चुलीचा दगड होता, मधोमध काळा पडलेला. दोघं म्हातारे त्याच्याकडे बघत उभे राहिले. सिक्स्टेननं हातमोजा काढला आणि दगडावरून हात फिरवला. "माझा बाप मला सांगायचा, इथे उकरू नकोस म्हणून," तो म्हणाला. कोणाला म्हणाला ते कळलं नाही.

गुरुवारी टोर्ग्नी विमानतळावर गेला. मार्लिस पन्नाशीची, उंच, आईच्या मानानं बरीच अबोल बाई. एका खांद्याला कापडी पिशवी, तीत राखेची डबी. टोर्ग्नी दोन तास हवामानावर बोलला. निघताना म्हणाला, यंदा उन्हाळा कोरडा आहे. पेट्रोल पंपावर म्हणाला, गेल्या वर्षी याहून कोरडा होता. मग शेत दिसलं की पिकाबद्दल, गाय दिसली की दुधाबद्दल. सांगायचं ते गळ्याशी आलं की पुढे एखादी गाय दिसायची. घाम आला होता त्याला. दोनशे बारा कुटुंबांनी ज्याला डोक्यावर बसवलं, तो माणूस एका बाईला एक वाक्य सांगू शकत नव्हता.

कॉफी सिक्स्टेनच्या अंगणात मांडली होती. झेंडा वर चढवलेला, सात प्रकारची बिस्किटं, आणि मध्ये गुनवोरनं केलेला ओस्तकाका. ओस्तकाका म्हणजे फाटलेल्या दुधाचा, बदाम घातलेला, खरवसाच्या जातीचा गोड केक. मार्लिसपुढे पहिली थाळी सरकवली, तर तिनं चमचा थेट मधोमध घातला आणि कडा तशाच ठेवल्या. सिक्स्टेननं गुनवोरला कोपरानं ढोसलं. पूर्वी हा केक तांब्याच्या भांड्यात भाजायचे, कड कळकायची, म्हणून आमच्यात कडेला कोणी हात लावत नाही.

"असं का खाल्लंत?" गुनवोरनं टोर्ग्नीकरवी विचारलं.

"असंच खातात ना?" मार्लिस गोंधळली. "आमच्याकडे सगळे असंच खातात."

"आपलीच आहे," सिक्स्टेन म्हणाला.

तेवढ्यानं टोर्ग्नीचा बांध फुटला. तो उभा राहिला. टोपी काढली. "मार्लिस, मी तुमच्या आईला चुकीच्या ठिकाणी नेलं," तो म्हणाला. मग जे सुटला ते थांबेना. दुसरं पान, तीन वाजले होते, ग्रानहुल्टचा योहानेस तुमचा कोणी लागत नाही, तुमचा तो इथला, हा चुलीचा दगड, इथे कालपर्यंत संडास होता, तो आम्ही हलवलाय, माती नवी आहे, स्वच्छ आहे. "तुमची आई अठ्ठावीस वर्षं मला कार्ड पाठवत होती. मला लाज वाटते. फार लाज वाटते." आणि टोर्ग्नी रडायला लागला. सिक्स्टेन आणि गुनवोर रीतीप्रमाणे झाडाकडे बघायला लागले.

मार्लिसनं कप खाली ठेवला, पिशवीत हात घातला आणि एक पाकीट काढलं. "आईनं बजावलं होतं," ती म्हणाली, "की हेस्टेरीडला पोचल्यावर, कॉफी झाल्यावरच उघड."

तिनं ते मोठ्यानं वाचलं. टोर्ग्नी नाक पुसत पुसत गुनवोरला आपल्या भाषेत सांगत गेला, म्हणजे सिक्स्टेनलाही कळेल.

"मार्लिस, एक गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नाही. मी, जी कधी गप्प बसले नाही! टोर्ग्नी कॉफी झाली का बघायला बाहेर गेला, तेव्हा मी ते पान उलटलं. पुढच्या पानावर आपली लोविसा होती. मी सांगणारच होते. तेवढ्यात तो आत आला, माझ्यासाठी रबरी बूट घेऊन. चेहरा आनंदानं नुसता फुललेला. बाहेर सहा बायका, सात प्रकारची बिस्किटं, झेंडा. कसं सांगू गं? मी बूट घातले."

टोर्ग्नी खाली बसला. "तिला ठाऊक होतं?"

"थांबा, पुढे आहे." मार्लिसनं कागद उलटला. "मग मी त्या ग्रानहुल्टला उभी राहिले आणि मला एकदम वाटलं, आपल्या योहानेसची आम्ही चारशे माणसं आहोत, कोणी ना कोणी येईलच. याच्याकडे कोण येणार? आई मेली, एकटा गेला, पुढे त्याचं काय झालं कोणाला माहीत नाही. त्याच्यासाठी कोणीच कधी आलं नव्हतं. म्हणून मी रडले. खोटं रडले नाही. मला तिथेच ठेव. आणि तो दगडही त्याचा त्याला परत दे. टोर्ग्नीला यातलं काही सांगू नकोस, त्याला वाईट वाटेल."

तिनं पिशवीतून, आईनं बरोबर न्यायला लावलेला, डबीशेजारचा मुठीएवढा दगड काढून टेबलावर, बिस्किटांच्या शेजारी ठेवला.

मग सिक्स्टेनची खुर्ची करकरली. तो उठला, लाल संडासाकडे बघितलं, उघड्या पडलेल्या चुलीकडे बघितलं, आणि सरळ टोर्ग्नीच्या तोंडाकडे बघून ओरडला, "म्हणजे माझा संडास तू फुकट हलवलास?"

अकरा वर्षांत पहिल्यांदा तो त्याच्याशी बोलला होता. गुनवोरनं तोंडावर रुमाल धरला. मार्लिसला विषय कळला नाही, पण स्वर कळला, आणि ती हसत सुटली. टोर्ग्नी रडतही होता आणि हसतही होता.

"परवानगीचा कागद तरी कुठला आहे?" सिक्स्टेननं दरडावून विचारलं.

"ग्रानहुल्टचा," टोर्ग्नी म्हणाला. या जागेचाही कागद लागेल, हे दोन दिवस घाम गाळताना दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"मग काय प्रश्नच मिटला," सिक्स्टेन समाधानानं म्हणाला. कागद असला की आम्हाला बरं वाटतं.

मार्लिसनं आधी बॅकेनच्या चुलीवर हात टेकवला, आपल्या माणसांना भेटून घेतलं. मग चौघं ग्रानहुल्टला गेले. तिथे ओढा नाही, देखावा नाही, चार दगड आणि फर्नची गर्दी. टोर्ग्नीनं सफरचंदाच्या जुनाट झाडाखाली हातभर खड्डा घेतला, मार्लिसनं राख सोडली आणि दगड वर ठेवला. कोणीतरी काही म्हणायला हवं होतं. टोर्ग्नीला प्रार्थना सुचेना. त्यानं खिशातून कागद काढला आणि पाद्र्यानं दीडशे वर्षांपूर्वी लिहिलेलं तेवढंच वाचून दाखवलं. "योहानेस पेटरसन. वाचन, कसंबसं. प्रार्थना, अर्धी. शेरा, गप्प असतो."

सिक्स्टेन टोपी हातात फिरवत उभा होता.

"टोर्ग्नी," तो हळूच म्हणाला, "ती आर्डिसबाई फार बोलायची म्हणालास ना?"

"थांबायची नाही."

सिक्स्टेननं दगडाकडे बघितलं आणि मान हलवली. "सुरुवातीला जड जाईल त्याला. पण होईल सवय."